विद्यापीठीय वसतिगृह

विद्यापीठाच्या आवारात किंवा त्याला लागून शेकडो ते काही हजार विद्यार्थ्यांच्या राहण्याची सोय करणारी इमारत. खोल्यांबरोबरच भोजनगृह, अभ्यासिका, लॉन्ड्री, टपाल आणि पार्सलची व्यवस्था, दवाखाना, व्यायामशाळा अशा सोयीही तिच्यात असतात. दिसायला ती एक इमारत असली, तरी तिला कारभार अख्ख्या गावाचा सांभाळावा लागतो. रहिवासी हजाराच्या पुढे गेले की अडचण खोल्यांची राहत नाही. खोल्या बांधता येतात. एवढ्या मोठ्या जमावातून एकमेकांना नावाने ओळखणारे लहान गट कसे पाडायचे, हे अवघड असते. न्हाणीघर, स्वयंपाकघर, जिना आणि लिफ्ट कुठे ठेवली आहे, यावर ते बहुतांशी ठरते.

एकत्र राहून शिकण्याची रीत फार जुनी आहे. नालंदा येथे उत्खननात सापडलेल्या ११ विहारांचा आराखडा जवळपास एकच आहे : मध्ये मोकळा चौक आणि त्याच्या चारी बाजूंना कोठड्यांच्या ओळी. सातव्या शतकात ह्युएनत्संग तेथे शिकला, तेव्हा विद्यार्थ्यांची संख्या हजारांत होती असे चिनी वृत्तान्त सांगतात. पण ही सगळी माणसे एका वास्तूत कोंबलेली नव्हती, प्रत्येक विहाराला स्वतःचा चौक होता. ऑक्सफर्डमधील मर्टन कॉलेजच्या (स्थापना १२६४) जुन्या चौकात लांब कॉरिडॉर नाहीत. अंगणातून वेगवेगळे जिने वर चढतात आणि प्रत्येक जिन्यावर मोजक्याच खोल्यांची दारे उघडतात. ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या अनेक कॉलेजांत खोलीचा पत्ता अजूनही जिन्याच्या क्रमांकाने सांगतात. १९३० च्या सुमारास एडवर्ड हार्कनेस यांच्या देणगीतून हार्वर्डने ‘हाउस’ नावाची निवासी संकुले बांधली, तीही याच जिना-पद्धतीची. बांधायला ही पद्धत महाग पडते, कारण दर काही खोल्यांमागे एक जिना लागतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर ही चैन परवडेनाशी झाली. अमेरिकेत १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला आणि विद्यापीठे विद्यार्थ्यांनी भरून गेली. १९५० च्या गृहनिर्माण कायद्याने वसतिगृहांसाठी ४० वर्षांपर्यंतच्या मुदतीची कमी व्याजाची कर्जे मिळू लागली. कर्जाची फेड खोलीभाड्यातून व्हायची, म्हणजे दर खाटेमागे बांधकामाचा खर्च जितका कमी तितके बरे. मधोमध लांब कॉरिडॉर, दोन्ही अंगांना दोघा-दोघांच्या खोल्या आणि सगळ्यांत मिळून एक न्हाणीघर, याहून स्वस्त आराखडा सापडणे कठीण. तो भराभर सगळीकडे उभा राहिला आणि पुढे उंच होत गेला.

ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठाचे जेस्टर सेंटर (१९६९) हा या लाटेचा ठळक नमुना. पश्चिमेचा भाग १४ मजली, पूर्वेचा १० मजली. रहिवासी सुमारे ३,०००. वर्गखोल्या, मोठे व्याख्यानगृह आणि भोजनगृहे त्यातच असल्यामुळे पावसाळी दिवशी विद्यार्थी बाहेर पाऊल न टाकता एखादा तास बसून, जेवून खोलीवर परतू शकतो. इमारतीला गव्हर्नर बोफर्ड जेस्टर यांचे नाव आहे. याच विद्यापीठाने काढून टाकलेले अध्यक्ष होमर रेनी यांना १९४६ च्या पक्षांतर्गत निवडणुकीत हरवून जेस्टर सत्तेवर आले होते. इमारतींची नावे ठरवणाऱ्यांना असल्या योगायोगांचे वावडे नसते.

मॉस्को विद्यापीठाची १९५३ साली उघडलेली मुख्य इमारत तर आणखी अवाढव्य. लेव्ह रुदनेव्ह यांनी आखलेला तिचा मनोरा २४० मीटर उंच असून १९९० पर्यंत युरोपात त्याहून उंच इमारत नव्हती. मनोऱ्यात विद्याशाखा, सभागृहे, ग्रंथालय आणि भूविज्ञानाचे संग्रहालय, तर बाजूच्या पंखांत विद्यार्थ्यांची निवासस्थाने आहेत. या भव्यतेच्या आत राहण्याचे मूळ एकक मात्र अगदी लहान आहे : शेजारशेजारच्या दोन खोल्या, त्यांना मिळून एक छोटा प्रवेशभाग, एक शॉवर आणि एक शौचालय. बाहेरून सत्तेचे प्रदर्शन करणाऱ्या वास्तूत आतला विचार इतका घरगुती असावा, हे थोडे अनपेक्षित आहे.

अ‍ॅनापोलिस येथील अमेरिकी नौदल अकादमीच्या बँक्रॉफ्ट हॉलमध्ये अकादमीचे सगळेच्या सगळे, म्हणजे ४,००० हून अधिक छात्र राहतात. अर्नेस्ट फ्लॅग यांनी आखलेल्या या वास्तूचे काम १९०१ मध्ये सुरू झाले आणि वाढत वाढत तिला आठ पंख फुटले. सुमारे १,७०० खोल्या आणि साडेसात किलोमीटरांहून लांब कॉरिडॉर असा तिचा पसारा आहे. टपाल कार्यालय, केशकर्तनालय, वैद्यकीय व दंतचिकित्सा आतच होते आणि सगळी पलटण एका वेळी जेवायला बसते. तिथे गट पाडण्याचे काम भिंतींनी केलेले नाही, लष्करी रचनेने केले आहे. छात्र कंपन्यांत वाटलेले असतात आणि प्रत्येक कंपनी आपापल्या ठरलेल्या भागात राहते. नागरी विद्यापीठाकडे अशी शिस्त नसते, म्हणून तेथे हे काम वास्तूकडूनच करून घ्यावे लागते.

ते कसे होते, याचे चांगले निरीक्षण अँड्र्यू बॉम आणि स्टुअर्ट व्हॅलिन्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुक विद्यापीठात केले. एका तऱ्हेच्या वसतिगृहात ३४ विद्यार्थी एकाच कॉरिडॉरवरच्या १७ खोल्यांत राहत. न्हाणीघर आणि बैठकीची खोली सगळ्यांत एक. दुसऱ्या तऱ्हेत चार ते सहा जणांचा संच असे आणि त्यांना स्वतःची बैठक व न्हाणीघर. माणशी जागा दोन्हीकडे जवळपास सारखीच. तरीही कॉरिडॉरवर राहणाऱ्यांना गर्दी अधिक जाणवे आणि नको असलेल्या भेटीगाठी टाळण्याकडे त्यांचा कल असे. गंमत अशी की ही सवय वसतिगृहाबाहेरही त्यांच्याबरोबर जात होती. प्रयोगशाळेत अनोळखी माणसाबरोबर थांबायला सांगितले, की ते संचात राहणाऱ्यांपेक्षा त्याच्यापासून दूर बसत आणि त्याच्या चेहऱ्याकडे कमी पाहत. दात घासायला गेल्यावर कोण भेटेल हे आपल्या हातात नसणे, हाच या त्रासाचा गाभा होता. चौरस फुटांचा हिशेब मांडणाऱ्यांच्या नजरेतून तो सहज निसटतो.

पुढचा प्रयोग व्यवहाराच्या दृष्टीने जास्त मोलाचा ठरला. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात बॉम आणि ग्लेन डेव्हिस यांनी चाळीसेक विद्यार्थ्यांच्या एका लांब कॉरिडॉरच्या मध्यावरील तीन खोल्या काढून तेथे बैठकीची जागा केली आणि दारे बसवून कॉरिडॉरचे दोन तुकडे पाडले. दारांना कुलपेही नव्हती. तेवढ्या बदलाने वीसएक जणांचे दोन गट तयार झाले. काही आठवड्यांतच तेथील विद्यार्थ्यांची गर्दीची तक्रार न तोडलेल्या कॉरिडॉरवरच्या विद्यार्थ्यांपेक्षा कमी झाली, मजल्यावर मैत्री वाढली आणि खोल्यांची दारे अधिक वेळा उघडी दिसू लागली. जुनी इमारत न पाडता सुधारायची असेल, तर तीन खोल्यांचे भाडे सोडून देण्याची तयारी हा त्यातला सर्वांत स्वस्त मार्ग आहे. बहुतेक व्यवस्थापनांना तोच सर्वांत महाग वाटतो.

कोपनहेगनमधील टिटगेन वसतिगृहाने (२००६) हे सूत्र इमारतीच्या आकारातच उतरवले. सात मजल्यांची ही गोल इमारत लुंडगार्ड व ट्रानबर्ग या वास्तुसंस्थेने आखली. ३६० विद्यार्थ्यांचे बारा-बारा जणांचे तीस गट आहेत आणि प्रत्येक गटाला एक मोठे स्वयंपाकघर आहे. खोल्यांची तोंडे बाहेर शहराकडे, स्वयंपाकघरांची आत चौकाकडे. त्यामुळे एकांत हवा असेल तर बाहेरच्या बाजूला आणि माणसे हवी असतील तर आतल्या बाजूला वळायचे. तळमजल्यावर अभ्यासाच्या खोल्या, लॉन्ड्री आणि सगळ्यांच्या सामाईक जागा आहेत.

हेच सूत्र भलत्या टोकाला नेले तर काय होते, ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेत दिसले. वकिलीतून गुंतवणुकीकडे वळलेले अब्जाधीश चार्ली मंगर यांनी २० कोटी डॉलर देऊ केले, अट एकच : इमारत त्यांच्या आराखड्याप्रमाणेच व्हावी. सुमारे ४,५०० विद्यार्थ्यांसाठीचा हा ११ मजली ठोकळा होता. आठ खोल्यांचा एक संच, आठ संचांचे एक ‘घर’ आणि मजल्यावर अशी आठ घरे. कागदावर गटांची विभागणी चोख होती. पण एवढ्या खोल्या पोटात घ्यायच्या म्हणून ९० टक्क्यांहून अधिक खोल्यांना खिडकीच ठेवली नव्हती, तिच्या जागी कृत्रिम उजेडाची चौकट होती. एकट्याची खोली मिळते, मग विद्यार्थी उजेडासाठी आणि गप्पांसाठी बाहेर बैठकीत येतील, असा मंगर यांचा युक्तिवाद होता. ऑक्टोबर २०२१ मध्ये विद्यापीठाच्या आराखडा समितीचे सल्लागार वास्तुविशारद डेनिस मॅकफॅडन यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला, प्रकरण जगभर गाजले आणि २०२३ मध्ये विद्यापीठाने दुसऱ्या आराखड्याची वाट धरली. माणसांना एकत्र आणण्यासाठी खोली राहण्यास नकोशी करणे हा उपाय चालत नाही. याउलट फिनलंडचे वास्तुविशारद अल्वार आल्टो यांनी एमआयटीच्या बेकर हाउसमध्ये (१९४९) भिंत नागमोडी वळवली, ती बहुतेक खोल्यांना चार्ल्स नदी दिसावी म्हणून.

सोयींकडे वळले की सर्वांत आधी गर्दीच्या वेळांचा विचार येतो. हजार माणसे दिवसभर थोडी-थोडी आंघोळ करत नाहीत. पहिला तास सुरू होण्याआधीच्या तासाभरात बहुतेकांना गरम पाणी हवे असते. लिफ्टचीही तीच कथा. जोसेप लुईस सर्ट यांच्या हार्वर्डमधील पीबॉडी टेरेस (१९६४) या विवाहित विद्यार्थ्यांच्या २२ मजली मनोऱ्यांत लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यावरच थांबते. कॉरिडॉरची जागा वाचते आणि फेरीही लवकर होते, पण पाय मोडलेल्या, व्हीलचेअर वापरणाऱ्या किंवा बाबागाडी ढकलणाऱ्या रहिवाशाला त्या युक्तीचे कौतुक वाटण्याचे कारण नाही. पाण्याच्या नळजोडणीला सुट्टीचाही धोका असतो. इमारत रिकामी असताना कोमट पाणी पाइपांत साचून राहते आणि न्यूमोनियासारखा आजार करणारे लिजिओनेला जिवाणू वाढू शकतात. म्हणून पाणी सुमारे ६० अंश सेल्सिअसवर साठवणे आणि न वापरलेले नळ ठरावीक दिवसांनी सोडणे, हा देखभालीचा नेहमीचा भाग असतो.

भोजनगृहाची जागा हा दिसतो त्यापेक्षा मोठा निर्णय आहे. ते वसतिगृहातच असले की एकटे जेवायला जाणाऱ्यालाही ओळखीचा चेहरा भेटतो. सगळ्या आवारासाठी एकच मोठे भोजनगृह चालवणे स्वस्त पडते, पण गटाची एकत्र बसण्याची जागा त्यात हरवते. लॉन्ड्री तळघरात ढकलण्याची प्रथा आहे. ती कॉमन रूमला लागून ठेवली तर कपडे धुऊन होईपर्यंतचा वेळ गप्पांत जातो. टपालाच्या छोट्या पेट्यांचे महत्त्व घटून पार्सलचे कपाट वाढले आहे, आणि जुन्या इमारतींत त्यासाठी जागाच सोडलेली नसते. इंटरनेट आता पाणी आणि विजेच्या रांगेत आले आहे.

माणसांची वाटणी हीसुद्धा एक सोयच आहे. प्रत्येक मजल्यावर वरच्या वर्गातला एक विद्यार्थी सहायक म्हणून राहतो. भांडण मिटवणे, आजाऱ्याकडे लक्ष देणे आणि नव्याला ओळखी करून देणे हे त्याचे काम. रूममेट कोण मिळतो याचे परिणामही मोजले गेले आहेत. डार्टमथ कॉलेजमध्ये पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना खोल्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या वाटल्या जात. त्यावरून ब्रूस सॅकरडोट यांनी २००१ मध्ये दाखवले, की रूममेटच्या अभ्यासाचा दुसऱ्याच्या गुणांवर परिणाम होतो.

आगीच्या बाबतीत मोठ्या वसतिगृहाचा धोका वेगळाच आहे : घंटेवरचा विश्वास उडणे. करपलेल्या जेवणाने किंवा टवाळखोरीने घंटा वारंवार वाजू लागली की विद्यार्थी कूस बदलून झोपतात. १९ जानेवारी २००० च्या पहाटे न्यू जर्सीतील सेटन हॉल विद्यापीठाच्या बोलंड हॉल या सहा मजली वसतिगृहात तिसऱ्या मजल्यावरील बैठकीत आग लागली. सोफे पेटले, धूर कॉरिडॉरभर पसरला. तीन विद्यार्थी मृत्युमुखी पडले आणि पन्नासहून अधिक जण जखमी झाले. आधीच्या खोट्या घंटांमुळे अनेकांनी या वेळीही ती मनावर घेतली नव्हती. इमारतीत पाण्याचे स्वयंचलित फवारे नव्हते, कारण बांधकामाच्या काळात ते सक्तीचे नव्हते. त्याच वर्षी न्यू जर्सीने जुन्या-नव्या सर्व वसतिगृहांत चार वर्षांच्या आत फवारे बसवण्याची सक्ती करणारा कायदा केला आणि त्यासाठी कर्जाची तरतूदही केली.