वान म्येउ

व्हिएतनामची राजधानी हानोई येथील चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशियसचे मंदिर आणि त्याला जोडून असलेले राजविद्यालय (क्वोक तू झाम). नावाचा अर्थ ‘अक्षरविद्येचे देऊळ’. मात्र मंदिर या शब्दाने फसू नये. इथे पूजला जातो तो देव नसून एक शिक्षक आहे. त्याच्यासोबत बसलेले मेन्शियस इत्यादी चौघेही त्याच्या परंपरेतलेच आहेत.

ली घराण्यातील राजा थान्ह तोंग याने १०७० मध्ये मंदिर बांधले आणि सहा वर्षांनी त्याचा मुलगा न्यान तोंग याने शेजारी विद्यालय काढले. सुरुवातीला तिथे राजपुत्र आणि सरदारांची मुले शिकत. तेराव्या शतकात सामान्य घरांतल्या हुशार मुलांनाही प्रवेश मिळू लागला. मुलींना तो कधीच मिळाला नाही.

आवार लांबट असून एकामागे एक अशा पाच चौकांत विभागलेले आहे. रस्त्यालगत ‘घोड्यावरून उतरा’ असे बजावणाऱ्या शिळा आहेत. कितीही मोठा अधिकारी असला तरी त्याने इथून पुढे पायीच जायचे. दुसऱ्या चौकाच्या टोकाला ख्वे वान काक हा लाकडी मंडप लागतो. तो बराच नंतरचा, १८०५चा. त्याच्या गोल खिडक्या, त्यांतून फाकणारे लाकडी किरण आणि पलीकडचे चौकोनी तळे हे सारे हानोईचे बोधचिन्हच होऊन बसले आहे.

तळ्याच्या दोन्ही बाजूंना दगडी कासवे रांगेने बसली असून प्रत्येकाच्या पाठीवर एक उभी शिळा आहे. अशा ८२ शिळा आज उरल्या आहेत. १४४२ ते १७७९ या काळातल्या, सरकारी अधिकारी निवडण्याच्या राजपरीक्षांत सर्वोच्च पदवी मिळवलेल्या तेराशेहून अधिक जणांची नावे आणि गावे त्यांवर कोरली आहेत. शिळा उभारण्याची प्रथा ले थान्ह तोंग या राजाने १४८४ मध्ये पाडली. १४४२च्या परीक्षेची शिळाही १४८४चीच. तिचा मजकूर थान न्यान चुंग या विद्वानाचा असून गुणी माणसे हाच राष्ट्राचा प्राण, असे तो सांगतो. व्हिएतनामी शाळकरी मुलांनाही हे वाक्य तोंडपाठ असते. त्याच शिळेवर न्गो सी लिएन हे नाव सापडते. पुढे दाई व्हिएतचा, म्हणजे तेव्हाच्या व्हिएतनामचा, मोठा इतिहास लिहिणारा तो हाच. युनेस्कोने २०११ मध्ये या शिळांना जागतिक स्मृती नोंदवहीत स्थान दिले.

या नावांमागे हालही पुष्कळ होते. प्रांतिक परीक्षेला उमेदवार तंबू आणि बांबूची बाज पाठीवर टाकून जाई आणि मैदानात आपली राहुटी आपणच ठोकून तिच्यात बसून लिही. उत्तरात राजाच्या नावातले अक्षर अनवधानाने आले, तरी तो गुन्हा ठरे. पास झालेल्याची गावात मिरवणूक निघे: तो पुढे घोड्यावर, बायको मागे डोलीत. पाठांतरावर उभी राहिलेली ही पद्धत नोकरशहाच अधिक घडवत असे, असा आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. तरीही मंदिरात मान मिळाला आहे तो चू वान आन या शिक्षकाला. विद्यालयाच्या या प्रमुखाने चौदाव्या शतकात सात भ्रष्ट दरबाऱ्यांची मुंडकी उडवावीत, असा अर्ज थेट राजाकडे केला होता. राजाने दाद दिली नाही, तेव्हा पद सोडून तो डोंगराळ भागात राहायला गेला. मागच्या चौकात आज त्याचा पुतळा आहे.

हा मागचा चौक म्हणजे मूळ विद्यालयाची जागा. न्गुयेन घराण्याच्या राजांनी राजधानी मध्य व्हिएतनाममधल्या ह्वे शहरात नेली, तेव्हा राजविद्यालयही तिकडे गेले. इथल्या इमारती १९४६-४७च्या लढाईत उद्ध्वस्त झाल्या. सध्याची वास्तू जुन्या धाटणीची दिसते, पण ती २००० सालची आहे. राजपरीक्षा त्या लढाईच्या आधीच बंद पडल्या होत्या. शेवटची १९१९ मध्ये ह्वे येथे झाली. तोवर चिनी अक्षरांची जागा रोमन लिपी घेत होती. परिणामी शिळांवरची चिनी अक्षरांतली नावे आजच्या बहुतेक व्हिएतनामी लोकांना वाचता येत नाहीत.

परीक्षेच्या दिवसांत मुले तरीही गर्दी करतात. कासवाच्या डोक्यावरून हात फिरवला की पेपर चांगला जातो, असा समज आहे. हात लागून लागून डोकी गुळगुळीत झाली आणि शेवटी कठडे घालावे लागले. तेतला, म्हणजे नववर्षाला, मंदिरासमोरच्या तळ्याकाठी सुलेखनकार बसतात. लोक त्यांच्याकडून लाल कागदावर ‘सुख’, ‘मनःशांती’, ‘यश’ अशी एकेक अक्षरे लिहून घेतात. चिनी अक्षर हातात पडल्यावर अर्थ विचारावा लागतो. म्हणून काही सुलेखनकार त्याच कुंचल्याने, त्याच वळणात, रोमन लिपीतही लिहून देतात.