अग्निशस्त्रांची सीमापार ने-आण, वैयक्तिक

परवानाधारक व्यक्तीने स्वतःच्या वापरातील बंदूक, रायफल वा पिस्तूल आणि त्याची काडतुसे कायद्याने घालून दिलेल्या रीतीने एका देशातून दुसऱ्या देशात नेणे किंवा तेथून आणणे, यास ही संज्ञा लावली जाते. नेमबाजीच्या स्पर्धा, शिकार आणि कायमचे स्थलांतर ही तिची नेहमीची निमित्ते होत. व्यापारी आयात-निर्यात आणि सैन्याची शस्त्रे या नोंदीत विचारात घेतलेली नाहीत.

भारतातील या विषयाचे मूळ १८७८ च्या शस्त्र अधिनियमाच्या सहाव्या कलमात आहे. परवान्याविना ब्रिटिश हिंदुस्थानात शस्त्र आणण्यास किंवा तेथून बाहेर नेण्यास त्या कलमाने मनाई केली. मात्र शस्त्र बाळगण्याचा वैध अधिकार असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या खाजगी वापरासाठी वाजवी प्रमाणात नेलेली शस्त्रे त्यातून वगळली. समुद्रमार्गाने किंवा मध्ये येणाऱ्या परक्या मुलखातून एका भागातून दुसऱ्या भागात नेलेले शस्त्र हेही ‘बाहेर नेलेले आणि आत आणलेले’ समजावे, असे स्पष्टीकरण त्याच कलमास जोडलेले होते. हा परका मुलूख कोणता, याविषयी दोन वाचने संभवतात. एका वाचनाप्रमाणे त्यात गोव्यासारख्या पोर्तुगीज आणि फ्रेंच वसाहतीच अभिप्रेत होत्या. दुसऱ्याप्रमाणे देशी संस्थानेही त्यात मोडत. ब्रिटिश हिंदुस्थानच्या कायदेशीर व्याख्येत संस्थानांचा समावेश नसल्यामुळे दुसरे वाचन अधिक ग्राह्य वाटते. तसे असल्यास त्याचा परिणाम कृष्णाकाठी विशेष जाणवण्यासारखा होता. १८४८ मध्ये सातारचे राज्य खालसा झाल्यानंतर तासगाव, वाळवे, खानापूर हे तालुके इंग्रजी सातारा जिल्ह्यात होते, तर सांगली, मिरज, जत, औंध आणि फलटण ही संस्थाने त्यांच्या आसपास व अधेमधे विखुरलेली होती. औंधचे कुंडल तर तासगाव परिसरात चहूकडून इंग्रजी गावांनी वेढलेले होते. म्हणजे तासगावच्या परवानाधारकाने बंदूक घेऊन सांगलीस जाणे, इतकेच नव्हे तर कुंडलावरून पुन्हा इंग्रजी हद्दीत शिरणे, हेही कलमाच्या शब्दांनुसार सीमापार वहन ठरे. १९४८ मध्ये संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली आणि १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा (१९६० पासून सांगली) बनला, तेव्हा या अंतर्गत सीमा उरल्या नाहीत.

१ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आलेल्या १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या दहाव्या कलमाने वरील रचना जवळजवळ त्याच शब्दांत पुढे चालवली. खाजगी वापराची सवलत राहिली, मध्ये येणाऱ्या परक्या मुलखाविषयीचे स्पष्टीकरणही राहिले. अधिसूचित देशांतील खऱ्या पर्यटकास केवळ क्रीडेसाठी शस्त्र आणण्याची स्वतंत्र मुभा मिळाली. ‘वाजवी प्रमाण’ म्हणजे किती, हे कलमात आकड्याने सांगितलेले नाही. शंका आल्यास सीमाशुल्क अधिकारी केंद्र शासनाचे आदेश येईपर्यंत शस्त्र अडवून ठेवू शकतो. ही सवलत केवळ शस्त्र अधिनियमाखालील आयात-निर्यात परवान्यापुरती आहे, हे ध्यानात घेतले पाहिजे. सीमाशुल्क व विदेश व्यापारविषयक निर्बंध तिने दूर होत नाहीत, आणि या दोहोंची गल्लत वारंवार होते.

सातारा व सांगली या जिल्ह्यांत शस्त्रपरवाना जिल्हादंडाधिकारी देतात. परवान्यावर त्याचे क्षेत्र नोंदलेले असते. जिल्ह्यापुरत्या परवान्यावर बंदूक मुंबईच्या विमानतळापर्यंतही नेता येत नाही. त्यासाठी क्षेत्रविस्तार करून घ्यावा लागतो. जावळी-पाटणच्या डोंगराळ भागात रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी दिल्या जाणाऱ्या ठासणीच्या बंदुकीचा परवाना त्याच हेतूशी बांधलेला असल्याने प्रवासाच्या उपयोगाचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस सर्वसाधारणपणे बाळगता येणाऱ्या अग्निशस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली.

विमानप्रवासात शस्त्र रिकामे करून विमान कंपनीच्या पूर्वसंमतीने नोंदणीकृत सामानात द्यावे लागते. काडतुसांस आंतरराष्ट्रीय धोकादायक माल नियमांतील १.४ एस हा (कमी धोक्याच्या स्फोटकांचा) वर्ग लागू होतो. ती सुरक्षित बांधलेली असावीत, वेष्टनासह त्यांचे वजन माणशी ५ किलोग्रॅमपेक्षा अधिक नसावे आणि दोन प्रवाशांचा वाटा एका पेटीत एकत्र करू नये, असा नियम आहे. स्फोटक किंवा आग लावणाऱ्या गोळ्यांची काडतुसे मुळीच चालत नाहीत. भारतात उतरल्यावर सीमाशुल्क अधिनियम, १९६२ च्या कलम ७७ प्रमाणे सामानाची घोषणा करावी लागते. खरी घोषणा केलेली, परंतु आत आणता न येणारी वस्तू कलम ८० प्रमाणे प्रवाशाच्या विनंतीवरून ताब्यात ठेवून परतीच्या वेळी देता येते. शस्त्र लपविणाऱ्यास ही सोय नाही. परदेशी स्पर्धेस जाणाऱ्या नेमबाजाने निघतानाच सीमाशुल्क विभागाकडून निर्यात प्रमाणपत्र घेतले, तर परतताना रायफल आपलीच असल्याचा पुरावा हाती राहतो.

गंतव्य देशाची अनुमती निराळी असते. ब्रिटनमध्ये तेथील पुरस्कर्त्यामार्फत (प्रवाशाच्या वतीने अर्ज करणाऱ्या रहिवाशामार्फत वा संस्थेमार्फत) अभ्यागत परवाना मागावा लागतो, तर अमेरिकेत पर्यटकादी परकीयांसाठी ‘फॉर्म ६ एनआयए’ (एनआयए म्हणजे ‘नॉन-इमिग्रंट एलियन’, कायम वास्तव्यास न आलेला परकीय) हा अर्ज आहे. युरोपीय संघाचे १९९१ च्या निर्देशातून आलेले शस्त्रपत्र (शस्त्रासह सदस्य देशांत प्रवास करण्याचा दाखला) संघातील रहिवाशांपुरतेच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००१ च्या अग्निशस्त्र प्रोटोकॉलने शिकार व क्रीडा यांसारख्या पडताळता येणाऱ्या कारणांसाठी तात्पुरत्या ने-आणीची कार्यपद्धती सुलभ करण्यास मुभा दिली आहे.

जुन्या वाड्यांतील तोड्याच्या (जळत्या वातीने बार उडणाऱ्या) बंदुकांचा प्रश्न वेगळा आहे. दुरुस्तीनेही न चालणारे पुराणवस्तुमूल्याचे शस्त्र कलम ४५ अन्वये शस्त्र अधिनियमाबाहेर राहते. तथापि ते शंभर वर्षांहून जुने व ऐतिहासिक महत्त्वाचे असल्यास १९७२ चा पुरावशेष व कलानिधी अधिनियम लागू होतो, आणि त्याखाली केंद्र शासन किंवा त्याने प्राधिकृत केलेली संस्था यांखेरीज कोणासही ते देशाबाहेर नेता येत नाही.