तारामती ते 'वागळे': दुर्गाबाई खोटे यांची वाटचाल

दुर्गाबाई खोटे सिनेमात आल्या त्या हौसेपोटी नव्हे, तर संसाराला पैसा कमी पडू लागला म्हणून. त्यांचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा, मुंबईच्या सुखवस्तू लाड कुटुंबातला. कॅथेड्रलमध्ये शाळा, सेंट झेवियर्समध्ये कॉलेज, मग खोट्यांच्या घरात लग्न, दोन मुलगे. पुढे सासरची आर्थिक घडी विस्कटली आणि कमावणं भाग पडलं. १९३१ मध्ये मोहन भवनानींच्या 'फरेबी जाल'मध्ये त्यांनी छोटीशी भूमिका केली. चित्रपट पडला, आणि चांगल्या घरातली सून सिनेमात गेली म्हणून लोकांनी बोलायचं बाकी ठेवलं नाही. त्या काळी सिनेमातल्या बाईकडे समाज कोणत्या नजरेने बघायचा, हे लक्षात घेतलं तर त्या परत कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या याचंच मोल मला जास्त वाटतं.

व्ही. शांताराम 'प्रभात' या फिल्म कंपनीसाठी 'अयोध्येचा राजा' करत होते. १९३२ चा हा पहिला मराठी बोलपट. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गाबाई तारामती. चित्रपट मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत होत होता, म्हणजे तोच प्रसंग पुन्हा दुसऱ्या भाषेत उभा करायचा. पार्श्वगायनाची सोय नव्हती, त्यामुळे गाणंही नटीनेच म्हणायचं. 'बाळा का झोप येईना' हे दुर्गाबाईंच्याच आवाजातलं. नाटकातल्या स्त्रीभूमिका पुरुषांनी करायच्या याचीच सवय झालेल्या प्रेक्षकांना ही राणी तिच्या चालण्याबोलण्यासकट खरी वाटली. 'फरेबी जाल'चा डाग पुसला गेला. शिकल्यासवरल्या घरांतल्या मुलींना सिनेमाचं दार किलकिलं झालं, त्यात या तारामतीचा वाटा फार मोठा आहे.

तेव्हा नटनट्या स्टुडिओच्या पगारी नोकर असत. दुर्गाबाई मात्र एका कंपनीला बांधून राहिल्या नाहीत. त्या कोलकात्याला गेल्या, तिथे दिग्दर्शक देवकी बोस यांच्याकडे 'राजरानी मीरा' आणि 'सीता' केले. 'प्रभात'कडे परत आल्या त्या 'अमर ज्योती'च्या (१९३६) सौदामिनीसाठी. पोटच्या मुलावर हक्क नाकारला जातो म्हणून समुद्रावर चाचेगिरी करत राज्यसत्तेशी वैर धरणारी ही बाई. मला विचाराल तर त्यांची सर्वांत धीट भूमिका हीच. इतकी तेजस्वी नायिका आपल्या सिनेमाला पुढे बराच काळ जमली नाही.

नंतरच्या पिढीला त्या आई म्हणून माहीत. 'मुगल-ए-आझम'मधली (१९६०) जोधाबाई नवरा आणि मुलगा यांच्या कात्रीत सापडलेली, तरी राणीपण न सोडणारी. 'बिदाई'साठी (१९७४) त्यांना सहाय्यक अभिनेत्रीचा फिल्मफेअर मिळाला. रंगभूमीही सुटली नव्हती. मुंबई मराठी साहित्य संघाच्या 'भाऊबंदकी'त नानासाहेब फाटकांसमोर त्या आनंदीबाई होत्या. १९६८ मध्ये पद्मश्री, १९८३ चा फाळके पुरस्कार.

एवढं सगळं चालू असताना त्यांनी माहितीपट, लघुपट आणि जाहिरातपट काढणारी स्वतःची संस्था उभी केली होती. तारुण्यात पैशाची निकड सोसलेल्या बाईने मिळकतीचा हा दुसरा रस्ता वेळीच तयार ठेवला, असं मी मानतो. टीव्ही घरोघरी पोचला तेव्हा हाताशी अनुभव होता. १९८८ मध्ये दूरदर्शनवर 'वागळे की दुनिया' सुरू झाली ती दुर्गा खोटे प्रॉडक्शन्सचीच निर्मिती. आर. के. लक्ष्मण यांचा सामान्य माणूस, कुंदन शाह यांचं दिग्दर्शन, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर ही जोडी. दुर्गाबाई तेव्हा त्र्याऐंशीच्या होत्या. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्या गेल्या. २०२१ मध्ये हीच मालिका नव्या रूपात आली, आणि तेच वागळे पती-पत्नी तिच्यात आजी-आजोबा झाले.