किल्ट, व्यावसायिक क्षेत्रातील

किल्ट हा स्कॉटलंडच्या डोंगराळ हायलँड्स भागातील पुरुषांचा, कमरेपासून गुडघ्यापर्यंतचा, घागऱ्यासारखा आणि मागील बाजूस चुण्या असलेला लोकरी पोशाख. कार्यालय, बैठक, व्यापारी मेळावा अशा कामाच्या ठिकाणी तो घालण्याची प्रथा आहे, पण ती विरळ आहे. खुद्द स्कॉटलंडमध्येही बहुतेक पुरुष तो लग्नात, पदवीदानाला किंवा समारंभातच घालतात.

आजचा आखूड किल्ट कामाच्या गरजेतूनच आला, असे एक परंपरागत वृत्त सांगते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात टॉमस रॉलिन्सन या इंग्रज लोहव्यावसायिकाने भट्टीवरील कामगारांच्या सोयीसाठी अंगभर गुंडाळण्याच्या लांब किल्टचा वरचा भाग कमी केला, असे त्यात म्हटले आहे. अभ्यासकांत मात्र याविषयी एकमत नाही. १७४६ च्या कायद्याने हायलँड पोशाखावर बंदी आली, ती १७८२ मध्ये उठली. या बंदीतून सैन्याला वगळले होते, त्यामुळे त्या काळात किल्ट हा प्रामुख्याने हायलँड पलटणींचा गणवेश म्हणून टिकला. पुढे १८२२ मध्ये कादंबरीकार वॉल्टर स्कॉटने आखलेल्या एडिंबरो-भेटीत राजा चौथा जॉर्ज स्वतः किल्ट घालून वावरला आणि उच्चभ्रूंनी तो समारंभाचा पोशाख म्हणून उचलला. कार्यालयातील आजची अडचण या इतिहासातून आली आहे: तेथे किल्ट गबाळा दिसत नाही, उलट प्रसंगापेक्षा जास्त नटल्यासारखा वाटतो.

म्हणून कामाच्या ठिकाणी किल्ट शोभतो की नाही, हे किल्टपेक्षा त्याच्या जोडीच्या वस्तूंवर ठरते. रूपेरी बटणांचे आखूड ‘प्रिन्स चार्ली’ जाकीट आणि केसाळ कातड्याचा स्पोरन (पुढे साखळीने लटकवलेला बटवा) ही संध्याकाळच्या मेजवानीची जोडी असून सकाळच्या बैठकीत ती विसंगत ठरते. दिवसा ट्वीडचे किंवा साध्या लोकरी कापडाचे जाकीट, साधा टाय, साधा चामडी स्पोरन, गडद रंगाचे गुडघ्याखाली दुमडलेले मोजे आणि नेहमीचे बूट पुरेसे असतात. किल्टची कड गुडघ्याच्या मध्यावर यावी. त्याखाली गेलेला किल्ट भाड्याने आणल्यासारखा दिसतो.

पारंपरिक किल्टला सुमारे ८ यार्ड कापड लागते आणि त्यातील बरेचसे मागच्या चुण्यांत जाते. त्यामुळे खुर्चीत बसताना मागून हात फिरवून चुण्या सपाट कराव्या लागतात, अन्यथा दुपारपर्यंत त्या चुरगळून जातात. बसल्यावर स्पोरनच्या वजनाने पुढचा पदर दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये दबून राहतो, तर जेवणाच्या टेबलाशी स्पोरन बाजूला सरकवण्याची पद्धत आहे. किल्टला सहसा खिसे नसल्याने फोन व ओळखपत्रही स्पोरनमध्येच ठेवले जाते. मोज्यात खोचायची स्कीअन-डू ही सुरी राष्ट्रीय पोशाखाचा भाग म्हणून ब्रिटिश कायद्याला चालते, पण कार्यालयात ती न नेणेच शहाणपणाचे. विमानप्रवासात ती केबिनच्या सामानात नेता येत नाही.

ब्रिटनच्या २०१० च्या समता कायद्यात ‘वंश’ या संज्ञेत राष्ट्रीय मूळही येते, आणि स्कॉटिश व इंग्रज हे या अर्थाने वेगळे गट आहेत असे १९९७ च्या एका निकालात मान्य झाले होते. त्यामुळे सरसकट किल्टबंदी हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो असा युक्तिवाद करता येतो; यंत्रे वा रसायनांजवळ सुरक्षिततेसाठी घातलेली मर्यादा मात्र समर्थनीय ठरू शकते.

बॅगपाईपवादक, पर्यटनस्थळांवरील वाटाडे आणि परदेशी प्रदर्शनांत व्हिस्की विकणारे प्रतिनिधी यांच्यासाठी किल्ट हा ओळखीचाच भाग असल्याने त्यांना त्याचे समर्थन करावे लागत नाही. अमेरिकेत तो वंशपरंपरेपासून सुटून सोयीचा पोशाख म्हणूनही पुढे आला: सिअ‍ॅटलच्या ‘युटिलिकिल्ट्स’ने २००० पासून जाड सुती कापडाचे खिशांचे किल्ट विकले, तर २००८ मध्ये टपाल वाटणाऱ्यांच्या गणवेशात किल्टचा पर्याय असावा, हा ठराव त्यांच्या संघटनेच्या अधिवेशनात फेटाळला गेला.