शेजारातील दुरावा (लघुकथेतील)

भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांत धर्मावरून किंवा जातीवरून पडणारे अंतर हा भारतीय लघुकथेचा जुना विषय आहे. फाळणीनंतर उर्दू, हिंदी आणि पंजाबी कथेत तो ऐरणीवर आला. कत्तलींच्या कथा त्या काळी पुष्कळ लिहिल्या गेल्या. दंगल दारात येण्याआधी शेजाऱ्यांचे बोलणे कसे बंद होते हे टिपणाऱ्या त्या मानाने थोड्या. त्यांत इस्मत चुगताई (१९१५–९१) यांची ‘जडें’ ही उर्दू कथा वरच्या रांगेत बसते.

कथा मारवाडात घडते. डॉक्टर रूपचंद आणि शेजारचे मुसलमान कुटुंब यांचा जुना घरोबा. तिथला कर्ता पुरुष गेल्यावर मुलांच्या शाळा-कॉलेजातही रूपचंदांचाच शब्द चालतो. बिनसते ते पोरांवरून. एक मुलगा शाळेच्या भिंतीवर ‘पाकिस्तान झिंदाबाद’ लिहितो, रूपचंदांची मुले तिथे ‘अखंड भारत’ लिहितात. मारामारी होते, पोलीस येतात. पुढे एका घरावर तिरंगा, दुसऱ्यावर मुस्लिम लीगचा झेंडा लागतो आणि जाणे-येणे तुटते. कुटुंब पाकिस्तानला निघते. म्हातारी अम्मा मात्र हटून बसते व रिकाम्या घरात एकटी उरते. शेजारी रूपचंद व्हरांड्यात येरझाऱ्या घालत बायकोमुलांना, नोकरांना, सरकारला शिव्या घालत असतात. शेवटी तेच लूणी जंक्शनवरून सगळ्यांना परत आणतात आणि ‘भाभी’कडे, म्हणजे अम्माकडे, आपली फी मागतात. हा शेवट जरा सोयीचा वाटतो. कथेचे बळ त्या येरझाऱ्यांत आहे. पश्चात्तापाचे भाषण नाही, नुसता त्रागा.

मराठीत हा विषय ठळकपणे जातीच्या वाटेने आला. बाबूराव बागूल (१९३०–२००८) यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या संग्रहाच्या शीर्षककथेत रेल्वेत नोकरीला लागलेला दलित तरुण गुजरातमधील उधना येथे जात लपवून राहतो. त्याच्या विद्वत्तेवर भाळलेली माणसेच, जात कळताच, त्याच्यावर तुटून पडतात. रूपचंदांच्या गाठीशी निदान जुना घरोबा होता. इथे मैत्रीच चोरलेल्या जातीवर उभी, म्हणून समेटाला जागाच राहत नाही. त्याला सोडवतो तो आपली जात उघडपणे सांगणारा सहकारी, काशीनाथ.