रबाळ्याचा गाळा आणि ॲशच्या तीन रेघा

माझा एक मित्र आहे ठाण्यातला, मराठी ख्रिश्चन, कॉलेजपासूनचा. चार वर्षं तो दर रविवारी ट्रान्सहार्बर लोकल पकडून रबाळ्याला एका प्रेअर ग्रुपला जायचा. एमआयडीसीतला गाळा, खाली पॅकिंगचं काम आणि वर पत्र्याच्या शेडमध्ये गाणी, कीबोर्ड, दीडेकशे माणसं. एका रविवारी सगळं संपता संपता त्याने हात वर केला आणि विचारलं, पास्टर, दशमांशाचा, म्हणजे कमाईतला दहावा हिस्सा आपण ग्रुपला देतो त्याचा, हिशोब वर्षातून एकदा बोर्डावर लावता येईल का? बस, एवढंच. पास्टर चिडले नाहीत, उलट हसले, म्हणाले ब्रदरच्या मनात शंकेचा आत्मा शिरलाय, आपण सगळे त्याच्यासाठी प्रार्थना करूया, आणि दीडशे जणांनी त्याच्या दिशेने हात करून डोळे मिटले. "शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं रे," तो मला तलावपाळीवर सांगत होता.

खरी गंमत त्याच्या पुढे आहे. परत येताना प्लॅटफॉर्मवर एक मावशी जवळ आल्या, इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, बरं झालं विचारलंस, माझ्या मनात दोन वर्षांपासून आहे. ठाणे येईपर्यंत अजून दोघांनी तेच सांगितलं. म्हणजे याच्यासकट चौघं झाले, आणि चौघांनाही वाटत होतं की शंका येणारे आपण एकटेच. याला मानसशास्त्रात प्लुरलिस्टिक इग्नोरन्स म्हणतात, नाव उगाच भारदस्त आहे, अर्थ एवढाच की प्रत्येकजण गप्प आहे म्हणून प्रत्येकाला वाटतं बाकीच्यांना पटलेलं आहे.

हे कळायला सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाचा प्रयोग बघायला हवा. 1950च्या आसपासची गोष्ट, अमेरिकेतलं स्वार्थमोर कॉलेज. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन, आणि विचारायचं की या तिनातली कुठली पहिलीएवढी आहे. सोप्पं, एकट्याला बसवून विचारलं तर शंभरात एक उत्तरसुद्धा चुकत नाही. पण ॲशने खोलीत सात-आठ जण बसवले, त्यातला एकच खरा, बाकी सगळे आधीच पढवलेले, आणि ते 18 पैकी 12 वेळा एकसुरात ठार चुकीचं उत्तर द्यायचे. खऱ्या माणसाचा नंबर शेवटी शेवटी. 123 विद्यार्थ्यांवर केलं हे, आणि त्या 12 फेऱ्यांमधली साधारण 37 टक्के उत्तरं गर्दीच्या मागे गेली. डोळ्यासमोर रेघ दिसत असताना!

लोकं हा आकडा सांगतात आणि थांबतात, माणूस म्हणजे मेंढरू असं म्हणून मोकळे होतात. (तसंही चारातला एकजण एकदासुद्धा वाकला नव्हता, ते कोणी सांगत नाही.) मला खरं भारी वाटतं ते ॲशने पुढे केलं ते. त्याने पढवलेल्यांपैकी फक्त एकाला खरं उत्तर द्यायला सांगितलं, आणि गर्दीमागे जाऊन केलेल्या चुका पार पावपट झाल्या. बाकीची गर्दी होती तेवढीच, तरी. त्याहून मजेशीर, या एकाने गर्दीपेक्षा वेगळं पण गर्दीहूनही जास्त चुकीचं उत्तर दिलं तरी चुका खूप कमी झाल्या. म्हणजे साथीदार बरोबर असायचीसुद्धा गरज नाही, एकमत फुटलं की बाकीच्यांना आपले डोळे परत मिळतात.

आता पास्टरांकडून विचार करा. एक माणूस हिशोब मागतोय हा प्रॉब्लेम नाहीच, त्याला ऑफिसात बोलावून चहा पाजून दोन कागद दाखवता आले असते. प्रॉब्लेम हा की बाकीच्या 149 जणांनी ते ऐकलं.

ॲशने अजून एक करून बघितलं. साथीदार सहा फेऱ्या बरोबर उत्तर देतो आणि मग अचानक पलटी मारून गर्दीत सामील होतो. त्याबरोबर खऱ्या माणसाच्या चुका भसकन वाढल्या, जणू साथ कधी नव्हतीच. पण तोच साथीदार पलटी न मारता काहीतरी निमित्त काढून खोलीतून नुसता निघून गेला, तर चुका वाढल्या पण तेवढ्या नाही. त्याचा परिणाम तो गेल्यावरही थोडा मागे राहिला.

हे वाचल्यावर मला गॅलिलिओ आठवला. 22 जून 1633ला रोममध्ये त्याला गुडघ्यावर बसवून पृथ्वी फिरते हे मत सोडतो असं बोलून घेतलं. मग ती शिक्षा आणि तो कबुलीजबाब यांच्या प्रती चर्चच्या अधिकाऱ्यांकडे ठिकठिकाणी पाठवल्या आणि गणिताच्या प्राध्यापकांसमोर वाचून दाखवायला लावल्या. नुसतं गप्प बसवून भागलं नसतं. ॲशच्या तीनशे वर्षं आधी हे त्यांना बरोब्बर माहीत होतं.

डोक्यात काय होतं? 2005मध्ये अमेरिकेतल्या अटलांटाच्या ग्रेगरी बर्न्स या मेंदूसंशोधकाच्या टीमने असाच प्रयोग एमआरआय मशीनमध्ये केला, रेघांऐवजी फिरवलेल्या आकृत्या घेऊन. गर्दीविरुद्ध उत्तर देणाऱ्यांच्या मेंदूत अमिग्डाला जास्त पेटलेला दिसला, भीती आणि तीव्र भावनांशी जोडलेला भाग. हात वर करताना छातीत धडधडतं ते उगाच नाही. आणि 2011मध्ये डेन्मार्कचे संशोधक उफे शोट आणि मंडळींनी 18 श्रद्धाळू ख्रिश्चनांना मशीनमध्ये प्रार्थना ऐकवल्या. बोलणारा बरं करण्याची शक्ती असलेला माणूस आहे असं सांगितलं की कपाळामागचा, तपासून बघण्याशी संबंधित भाग मंदावला. श्रद्धा नसलेल्या 18 जणांत तसं दिसलं नाही. सॅम्पल छोटं आहे, फार ताणू नये, पण विश्वासाच्या माणसापुढे आपण चेकिंग कमी करतो हे डॉक्टरपुढे बसणाऱ्या कोणालाही माहीत आहे.

चर्च म्हणजे फक्त गप्प बसा असं मात्र अजिबात नाही. कॅथलिक चर्चने 1587पासून चक्क एक पोस्ट ठेवली होती, कोणाला संत ठरवायचं असेल तर त्याच्याविरुद्ध मुद्दे काढायचे हेच त्या माणसाचं काम. त्यालाच लोक सैतानाचा वकील म्हणायचे. 1983मध्ये जॉन पॉल दुसरे यांनी ते काम बरंच कमी केलं.

मॉर्मन चर्च म्हणजे अमेरिकेतला एक वेगळा पंथ, त्यांचा किस्सा तर क्लासिक आहे. जून 1945मध्ये त्यांच्या मासिकात घरोघरी सांगायचा संदेश छापून आला, त्यात होतं की आपले नेते बोलले की विचार करून झालेला असतो. सॉल्ट लेक सिटीतल्या दुसऱ्या पंथाच्या एका पाद्र्याने मॉर्मन चर्चचे अध्यक्ष जॉर्ज अल्बर्ट स्मिथ यांना काळजीने पत्र लिहिलं, आणि स्मिथनी डिसेंबरमध्ये साफ उत्तर दिलं की ही चर्चची भूमिका नाही. चांगलंच उत्तर. फक्त ते होतं खाजगी पत्रात, आणि मूळ वाक्य गेलं होतं मासिकातून घराघरात. ॲशच्या खोलीत साथीदाराने बरोबर उत्तर चिठ्ठीवर लिहून फक्त प्रयोग घेणाऱ्याला द्यावं, तसं झालं हे.

आणि हे फक्त ख्रिश्चनांचं नाही हां. आमच्या घोडबंदरच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत लिफ्टच्या कोटेशनबद्दल विचारणाऱ्याला "तुम्ही नेहमी निगेटिव्हच बोलता" ऐकावं लागतं, आणि नंतर पार्किंगमध्ये पाचजण पाठ थोपटतात. मीही थोपटलीये, खोटं कशाला बोलू.

मित्राला पुढच्या रविवारी सांगितलं गेलं की माईकवर येऊन साक्ष दे, माझी चूक झाली म्हण, विषय संपला. तो गेलाच नाही. पुढेही नाही, आता ठाण्यातच जुन्या चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे तिथल्या प्रार्थनेला जातो, मागच्या बाकावर बसतो. मागच्या महिन्यात त्या प्लॅटफॉर्मवाल्या मावशींचा फोन आला. त्यांनी विचारलं होतं म्हणे, सगळ्यांसमोर, आणि त्यांच्यासोबत अजून दोघी उभ्या राहिल्या. बोर्डावर एक पान लागलंय.

"टोटल चुकलीये रे त्यात," मावशी म्हणाल्या, "रविवारी कॅल्क्युलेटर घेऊन जाते."