दुभाष्याला वक्ता दिसणे : एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

भाषण चालू असतानाच ते दुसऱ्या भाषेत सांगण्याची पद्धत 1920 च्या दशकाच्या अखेरीस जिनिव्हात, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या परिषदेत सुरू झाली. तेव्हा दुभाषे व्यासपीठासमोरच बसत आणि सभागृहातून कानावर येईल तेवढ्या आवाजावर काम भागवत. वक्ता समोरच असल्याने तो दिसावा, अशी वेगळी मागणी करण्याचा प्रश्नच नव्हता.

न्यूरेम्बर्गच्या खटल्यात (1945-46) इंग्रजी, फ्रेंच, रशियन आणि जर्मन या चार भाषांचे दुभाषे आरोपींच्या पिंजऱ्यालगत, वरून उघड्या असलेल्या काचेच्या आडोशामागे बसले. बोलणारा फार वेगाने बोलू लागला की पिवळा दिवा लागे, थांबवायचे असेल तर लाल. जर्मन वाक्यात क्रियापद बरेचदा शेवटी येते आणि दुभाष्याला तर वाक्य संपण्याआधीच तोंड उघडावे लागते. अशा वेळी चेहरा, हाताचा इशारा, साक्षीदाराने बोट दाखवलेला कागद यांतून वाक्याचा रोख कळण्यास मदत होते. पुढे दुभाषे सभागृहाच्या कडेच्या बंद केबिनमध्ये गेले, तरी तिथून वक्ता थेट दिसलाच पाहिजे, हा व्यवसायाचा आग्रह कायम राहिला.

त्याला पहिला मोठा धक्का उपग्रहाने दिला. 1976 मध्ये युनेस्कोने नैरोबीतील अधिवेशनाच्या वेळी पॅरिस आणि नैरोबी उपग्रहाने जोडून दुरून भाषांतराचा प्रयोग केला. त्यानंतरच्या संशोधनाने मात्र सरळ उत्तर दिले नाही. 1994 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिंडा अँडरसन यांच्या प्रयोगात वक्त्याचे चित्र असो वा नसो, भाषांतराच्या दर्जात लक्षणीय फरक आढळला नाही. युरोपीय संसदेतील दूरस्थ भाषांतराच्या अभ्यासातही तटस्थ परीक्षकांना दर्जा फारसा घसरलेला दिसला नाही. दुभाष्यांनी मात्र जास्त थकवा आणि सभेपासून तुटल्याची भावना नोंदवली. ही तक्रार केवळ सोयीची समजून बाजूला सारणे मला चुकीचे वाटते, कारण दर्जा टिकतो तो त्यांच्या जादा श्रमांवर, आणि हे श्रम भाषांतराच्या गुणांकनात दिसत नाहीत.

शिवाय पडद्यावरचे चित्र कॅमेरा ठरवतो. सभागृहात बसलेला दुभाषी वक्त्यावरून नजर काढून अध्यक्षांकडे, किंवा मान हलवून नकार देणाऱ्या प्रतिनिधीकडे पाहू शकतो आणि पुढचे बोलणे कोणाकडून येणार हे आधीच ताडतो. 2020 मध्ये कोविडमुळे बैठका ऑनलाइन झाल्या, तेव्हा अनेक दुभाष्यांच्या हातून नजर कुठे वळवायची ही निवडच गेली.